नवी बोट, नवा वेगनियंत्रक आणि स्लॅलमचा सराव

उत्तर व्हर्जिनियात एप्रिल महिना जयंतीच्या कार्यक्रमांत निघून जातो, मे महिन्यात बुद्धपौर्णिमा होते आणि शाळांना सुटी लागेपर्यंत नद्या-तलावांचे पाणी उतरण्याजोगे कोमट झालेले असते. अ‍ॅशबर्न परिसरातील ज्या कुटुंबांना वॉटर स्कीइंगची गोडी लागली आहे, त्यांचा हंगाम येथून सुरू होतो. आणि ज्या हंगामात क्लबची बोट बदलते, त्या हंगामाच्या आरंभी एक अडचण बहुधा ठरलेली असते. गेल्या सप्टेंबरात सहाही बोये सहज वळणारी मुलगी आता तिसऱ्या बोयापाशी हँडल सोडून देते. पंचेचाळिशीतले वडील दोन फेऱ्यांनंतर कंबर धरून काठावर बसतात. मग घरात निदान सुरू होते : हिवाळाभर व्यायाम झाला नाही, लक्ष दुसरीकडे आहे, वय झाले.

ही कारणे कधी खरी असतीलही. परंतु बोट बदलल्यानंतर गुणसंख्या घसरते, तेव्हा पहिले कारण बहुधा शरीरात नसते. ते बोटीच्या फळीवर बसवलेल्या वेगनियंत्रकात असते. दोन बोटींच्या पडद्यावर ताशी ५५ किलोमीटर हाच आकडा दिसत असला, तरी त्या दोघी स्कीपटूला एकाच रीतीने ओढत नाहीत. हा फरक समजला नाही की माणूस आपल्या तंत्रात नको ते बदल करतो, बळ लावून उणीव भरून काढू पाहतो, पाठ दुखावून घेतो. आणि किशोरवयीन मूल असेल तर ‘मला हे जमत नाही’ असे ठरवून खेळच सोडून देते. म्हणून या यंत्राची रीत काय आहे आणि तिच्याशी टप्प्याटप्प्याने कसे जुळवून घ्यावे, हे पाहू.

अडीच सेकंदांचा हिशेब

स्लॅलमचा मार्ग एकूण २५९ मीटर लांबीचा असतो. प्रवेशद्वारापासून पहिला बोया २७ मीटरवर, त्यानंतरचे बोये परस्परांपासून ४१ मीटरवर आणि शेवटच्या बोयापासून निर्गमद्वार पुन्हा २७ मीटरवर. बोट मधल्या अरुंद पट्ट्यातून सरळ जाते. सहा बोये मात्र मध्यरेषेपासून ११.५ मीटर अंतरावर, आळीपाळीने उजवीकडे आणि डावीकडे असतात. स्कीपटूने प्रत्येक बोयाला बाहेरून वळसा घालून पुन्हा बोटीमागच्या लाटा ओलांडायच्या आणि पलीकडचा बोया गाठायचा.

स्पर्धेतील सर्वोच्च वेग खुल्या गटातील पुरुषांसाठी ताशी ५८ किलोमीटर आणि स्त्रियांसाठी ५५ किलोमीटर असतो. नवशिके बरेच कमी वेगाने आरंभ करतात आणि प्रत्येक पूर्ण फेरीनंतर वेग ३ किलोमीटरने वाढत जातो : ४३, ४६, ४९, ५२ आणि पुढे. आपल्या गटाचा सर्वोच्च वेग गाठल्यावर वेग वाढत नाही. त्याऐवजी दोर आखूड केला जातो. १८.२५ मीटरपासून १६, १४.२५, १३, १२, ११.२५ अशा पायऱ्या आहेत आणि दोराच्या त्या त्या भागाला इंद्रधनुष्याच्या क्रमाने तांबडा, नारिंगी, पिवळा, हिरवा, निळा, जांभळा असे रंग दिलेले असतात. दोर ११.२५ मीटरचा झाला म्हणजे तो बोयाच्या अंतराहूनही आखूड झाला. उरलेले अंतर स्कीपटूला स्वतःच्या शरीराच्या झुकावाने आणि हाताच्या लांबीने भरून काढावे लागते.

आता थोडे गणित करू. ताशी ५८ किलोमीटर वेगाने बोट ४१ मीटर अंतर सुमारे २.५५ सेकंदांत कापते. तेवढ्याच वेळात स्कीपटूला एका बाजूच्या बोयापासून दुसऱ्या बाजूच्या बोयापर्यंत, म्हणजे आडवे २३ मीटर, जायचे असते. तो अगदी सरळ रेषेत गेला तरी त्याचा मार्ग ४७ मीटरचा होतो आणि त्याचा सरासरी वेग ताशी ६६ किलोमीटरच्या वर जातो. वळणावर तो मंदावतो, म्हणून लाटा ओलांडताना त्याला याहून पुष्कळ अधिक वेग लागतो. हा जादा वेग येतो तो दोरावर शरीर तोलून बोटीकडून काढून घेतलेल्या ओढीतून.

येथेच प्रश्नाचे मूळ आहे. स्कीपटू ओढतो तेव्हा बोट मंदावते. तो बोयाभोवती वळतो तेव्हा दोर सैल पडतो आणि बोटीवरचा भार उतरतो. सव्वा-दीड टन वजनाची, तीनशे किंवा त्याहून अधिक अश्वशक्तीची बोटही सत्तर-ऐंशी किलोच्या माणसाच्या या हिसक्याने प्रत्यक्ष हळू होते. प्रत्येक फेरीत हे सहा वेळा घडते. वेगनियंत्रकाचे काम म्हणजे ही घट ओळखून इंजिनाला योग्य क्षणी, योग्य तेवढे इंधन देणे.

गावाकडच्या विहिरीवरची मोट ज्यांनी पाहिली असेल किंवा घरातल्या वडीलधाऱ्यांकडून ऐकली असेल, त्यांना हे सहज उमगेल. भरलेली मोट पाण्याबाहेर निघते तेव्हा नाड्यावर एकदम ओझे येते आणि बैल क्षणभर थबकतात. हाकणाऱ्याने त्यांना कोणत्या क्षणी इशारा द्यावा आणि किती जोराचा द्यावा, यावर मोट वर येण्याची लय ठरते. इशारा लवकर दिला तर नाड्याला हिसका बसतो, उशिरा दिला तर चाल मोडते. बैल तेच, विहीर तीच. हाकणारा बदलला की लय बदलते. नव्या बोटीत हाकणारा बदललेला असतो.

हातापासून उपग्रहापर्यंत

१९२२ साली मिनेसोटा राज्यात लेक पेपिनवर राल्फ सॅम्युएलसन या तरुणाने लाकडी फळ्या पायांना बांधून पाण्यावर उभे राहून दाखवले, तेव्हापासून हा खेळ मोजला जातो. १९३९ साली अमेरिकेत त्याची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. त्यानंतर कित्येक दशके बोटीचा वेग चालकाच्या हातातच होता. तो वेगमापकाकडे पाहत, इंजिनाचा आवाज ऐकत, स्कीपटूच्या प्रत्येक ओढीबरोबर थ्रॉटल किंचित पुढे-मागे करीत असे. आणि फेरी योग्य वेगाने झाली की नाही, हे काठावरचे वा बोटीतले घड्याळ सांगत असे. चांगला चालक आपल्या नेहमीच्या स्कीपटूची चाल ओळखून असे. परका चालक आला की तोच स्कीपटू अडखळे. यंत्रे येण्यापूर्वीही जुळवून घेण्याचा प्रश्न होताच. फक्त तो माणसामाणसांतला होता.

१९९० च्या दशकात कॅनडातील नोव्हा स्कोशिया प्रांतातून ‘परफेक्टपास’ ही संगणकीय प्रणाली आली. तिच्या जुन्या रूपात नियंत्रण मुख्यतः इंजिनाच्या फेऱ्यांवर आधारलेले होते. दर मिनिटाला इंजिन किती फिरावे, हे ठरवून दिले की यंत्र ते धरून ठेवी. यात एक गोम होती. बोटीत एक माणूस जास्त बसला, वारा समोरून आला, तर तेवढ्याच फेऱ्यांत बोट कमी अंतर जाई. म्हणून बोटीतल्या माणसांचे वजन यंत्राला सांगावे लागे आणि घड्याळ पाहून दुरुस्ती करावी लागे. मात्र स्कीपटूला मिळणारी ओढ मऊ असे. तो ओढी तेव्हा बोट थोडी हार खाई आणि मग हळूहळू सावरे.

२००८ च्या सुमारास उपग्रहाधारित ‘झीरो ऑफ’ ही प्रणाली स्पर्धेच्या बोटींत आली आणि परफेक्टपासनेही उपग्रहावर चालणारी आवृत्ती आणली. हे यंत्र इंजिनाच्या फेऱ्या धरून बसत नाही. बोट जमिनीच्या संदर्भात प्रत्यक्ष किती वेगाने सरकते आहे, हे ते सतत मोजते आणि विजेने चालणाऱ्या थ्रॉटलला आज्ञा देत राहते. वारा असो, बोटीत दोन माणसे असोत की चार, फेरीचा वेळ जवळजवळ नेमका येतो. स्पर्धेच्या न्याय्यतेसाठी हे उत्तमच झाले. परंतु वेग इतका काटेकोर धरायचा तर बोटीला हार खाता येत नाही. जी ओढ पूर्वी बोट मंदावण्यात विरून जाई, ती आता इंजिनाच्या जोरासह स्कीपटूच्या हातांत, खांद्यांत आणि कमरेत परत येते. जुन्या बोटीवर घडलेले शरीर नव्या बोटीमागे प्रथम गोंधळते ते यामुळे.

अ‍ॅशबर्नमधील आपल्यापैकी अनेकांचा व्यवसाय संगणकाशी निगडित आहे. सर्व्हरवर भार वाढला की नवी क्षमता आपोआप जोडणारी व्यवस्था त्यांनी पाहिली असेल. ती फार उशिरा जागी झाली तर सेवा अडखळते; फार घाईने जागी झाली तर क्षुल्लक कारणाने वर-खाली होत राहते. बोटीवरचा नियंत्रक याच कुळातला आहे, फरक इतकाच की येथे भार म्हणजे एक जिवंत शरीर असते.

तीन अक्षरे, तीन अंक

झीरो ऑफच्या पडद्यावर वेगाबरोबर एक अक्षर आणि एक अंक निवडता येतो. अक्षरे ए, बी, सी आणि अंक १, २, ३. अक्षर हे प्रतिसादाची वेळ ठरवते : ए निवडले तर इंजिन स्कीपटूच्या ओढीला उशिरा आणि संथपणे उत्तर देते, सी निवडले तर लवकर आणि चटकन. अंक हा प्रतिसादाचा जोर ठरवतो : १ सौम्य, ३ कडक. मधली जोडी बी २. पुढच्या आवृत्त्यांत आणखी बारकावे आले आहेत. पण ही नऊ घरांची चौकट समजली की बाकीचे कळायला वेळ लागत नाही.

शरीराला हे कसे जाणवते? ‘ए’वर स्कीपटू झुकतो तेव्हा बोट थोडी देते, आरंभ हलका वाटतो, पण इंजिनाचे उत्तर उशिरा आल्यामुळे लाट ओलांडल्यानंतरही, म्हणजे कड बदलण्याच्या वेळी, ओढ शिल्लक राहू शकते. मग बोयाकडे जाताना हँडल हातातून निसटू पाहते किंवा स्कीपटू पुढच्या बाजूला खेचला जातो. ‘सी’वर ओढ लाटेच्या आधीच भरून येते आणि लवकर उतरते. बोयाकडे जाताना मोकळे वाटते, पण झुकाव पक्का नसेल तर सुरुवातीच्याच हिसक्याने कंबर वाकते आणि खांदे पुढे जातात. अंकाचे तसे नाही. ३ वर सगळेच तीव्र होते. वजनदार, ताकदीने ओढणाऱ्या प्रौढाला बोट ‘बसल्यासारखी’ वाटत असेल तर त्याला ते उपयोगी पडते. चाळीस-पंचेचाळीस किलोच्या मुलीला बहुधा १ किंवा २ पुरेसे असते.

हे सारे कल आहेत, नियम नव्हेत. स्कीची लांबी, दोराची लांबी, बोटीच्या तळाचा आकार, तिचे पंखे, तिच्यामागच्या लाटेचा कडकपणा या सर्वांचा परिणाम त्यात मिसळतो. म्हणून जुन्या बोटीवर ‘माझे बी १’ असे म्हणणाऱ्याने नव्या बोटीवरही तेच आपले, असे धरून चालू नये. आणि स्पर्धेत अव्वल असलेल्या एखाद्याची जोडी पाहून आपल्या मुलासाठी तीच लावणे, हे तर दुसऱ्याचा चष्मा डोळ्यांवर चढवण्यासारखे आहे.

पोटोमॅकचा प्रवाह, लेक अ‍ॅनाची ऊब

लाउडन काउंटीच्या उत्तर सीमेवरून पोटोमॅक वाहते. स्टर्लिंगजवळच्या अल्गाँकियन रीजनल पार्कमध्ये बोट पाण्यात उतरवण्याचा धक्का आहे. दुसरा पर्याय म्हणजे अ‍ॅशबर्नहून मोटारीने सुमारे दीड-दोन तासांवरचा लेक अ‍ॅना. नॉर्थ अ‍ॅना अणुविद्युत केंद्राच्या थंडाव्यासाठी १९७० च्या दशकाच्या आरंभी बांध घालून तो तयार करण्यात आला. या दोन ठिकाणी एकच बोट, एकच आकडा आणि एकच अक्षर ठेवले तरी अनुभव निराळा येतो, आणि त्यामागे साधे विज्ञान आहे.

उपग्रहाधारित यंत्र जमिनीच्या संदर्भातला वेग मोजते, पण स्की चालते पाण्यावर. समजा, नदीचा प्रवाह ताशी ३ किलोमीटर आहे आणि यंत्रावर ५५ लावले आहेत. प्रवाहाबरोबर जाताना पाण्याच्या संदर्भातला वेग ५२ होतो. स्की थोडी खोल बसते, पाणी जड वाटते. प्रवाहाविरुद्ध येताना तो ५८ होतो. स्की वर येते आणि सारे घाईचे वाटते. दोन्ही वेळा तळाशी बांधलेले बोये पार करायला लागणारा वेळ मात्र सारखाच, १६.९५ सेकंद. जुन्या बोटीत बुडाशी छोटे चक्र बसवून पाण्यातला वेग मोजला जात असेल, तर चित्र उलटे असते. पायाखालचे पाणी दोन्ही दिशांना सारखे वाटते, पण प्रवाहाबरोबरची फेरी १६.०८ सेकंदांत संपते आणि उलट दिशेची १७.९३ सेकंदांत. म्हणून नदीवर सराव करणाऱ्याने ‘जाताना जमते, येताना जमत नाही’ याचा दोष लगेच स्वतःकडे घेऊ नये. लेक अ‍ॅनासारख्या स्थिर पाण्यावर हा घोळ उरत नाही. नव्या नियंत्रकाशी पहिली ओळख तेथे झालेली बरी.

तापमानाचेही असेच. १० अंश सेल्सियसच्या पाण्याचा चिकटपणा ३० अंशांच्या पाण्याच्या दीडपटीहून अधिक असतो. मे महिन्यातल्या थंड पाण्यात ठरवलेली जोडी ऑगस्टमधल्या कोमट पाण्यात पुन्हा तपासावी लागते.

पोटोमॅकबाबत एक गोष्ट नव्या रहिवाशांच्या ध्यानात येत नाही. व्हर्जिनियाच्या काठावरून बोट उतरवली तरी नदीचे पात्र मेरीलँडचे आहे, त्यामुळे तेथे मेरीलँडचे नियम लागू होतात. बोटीत चालकाशिवाय निदान बारा वर्षांचा एक निरीक्षक असावा लागतो आणि १ जुलै १९७२ रोजी वा त्यानंतर जन्मलेल्या चालकाजवळ बोट-सुरक्षेचे प्रमाणपत्र असावे लागते. व्हर्जिनियाच्या तलावांवर १० किंवा अधिक अश्वशक्तीची मोटरबोट चालवणाऱ्या सर्वांना, वय कितीही असो, सुरक्षा-शिक्षण २०१६ पासून बंधनकारक आहे. आणि सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापासून सूर्योदयाआधीच्या अर्ध्या तासापर्यंत स्कीइंगला मनाई आहे. नदीचे पाणी उतरलेले असते तेव्हा खडक पृष्ठभागाजवळ येतात. पात्राची माहिती नसेल तर वेगाचा विचारच करू नये.

पहिले काही दिवस कसे घालवावेत

नव्या बोटीशी जुळवून घेण्याचा क्रम ठरवून घेतला तर बराच मनस्ताप वाचतो.

पहिले काम कोरड्या अंगानेच करावे. पडद्यावरचा वेग मैलांत आहे की किलोमीटरमध्ये, हे पाहावे. ताशी ३४ मैल आणि ५५ किलोमीटर हे जवळपास असले तरी एक नव्हेत; ५५ किलोमीटर म्हणजे ३४.२ मैल. मग स्कीपटूशिवाय बोट मार्गातून न्यावी आणि साध्या घड्याळाने वेळ घ्यावी. २५९ मीटरसाठी ४३ च्या वेगाला २१.६८, ४६ ला २०.२७, ४९ ला १९.०३, ५२ ला १७.९३ आणि ५५ ला १६.९५ सेकंद लागले पाहिजेत. आकडे जुळले नाहीत तर आधी यंत्र दुरुस्त करावे, मग माणूस.

पहिल्या दिवशी बोयांच्या मार्गात जाऊ नये. मोकळ्या पाण्यावर, पूर्ण दोराने, आपल्या नेहमीच्या वेगापेक्षा ३ ते ६ किलोमीटर कमी ठेवून लाटा ओलांडत राहावे. ओढ कुठे सुरू होते, कुठे सर्वाधिक असते आणि कुठे सुटते, एवढेच शरीराला शिकू द्यावे. इंजिनाचा आवाज ऐकावा. तो चढतो त्या क्षणी आपण लाटेच्या अलीकडे असतो की पलीकडे, हे लक्षात ठेवले की अर्धे काम झाले.

दुसऱ्या दिवशी मार्गात प्रवेश करावा, पण मधल्या जोडीवर, म्हणजे बी २ वर, आणि दोर आपल्या नेहमीच्या लांबीपेक्षा एक-दोन पायऱ्या लांब ठेवून. निदान सहा फेऱ्या होईपर्यंत काहीही बदलू नये. एका वाईट फेरीनंतर अक्षर बदलण्याचा मोह आवरला पाहिजे. अन्यथा दोष आपला होता की यंत्राचा, हे कधीच कळत नाही.

त्यानंतर एका वेळी एकच गोष्ट बदलावी. लाट ओलांडल्यावर ओढ रेंगाळत असेल तर अक्षर सी कडे न्यावे. लाटेपूर्वीच हिसका बसत असेल तर ए कडे. वेळ योग्य वाटते पण सारेच अंगावर येते असे असेल तर अक्षर तेच ठेवून अंक उतरवावा; बोट मरगळल्यासारखी वाटत असेल तर चढवावा. अक्षर आणि अंक एकाच दिवशी बदलू नयेत.

तंत्रातही एक बदल बहुतेकांना करावा लागतो. मऊ नियंत्रणाच्या बोटीमागे लाटेच्या पलीकडेपर्यंत ओढत राहिले तरी खपून जाते. काटेकोर नियंत्रणाची बोट अशा प्रत्येक अनावश्यक ओढीला इंजिनाने उत्तर देते. स्कीपटू जितका उशिरापर्यंत ओढतो, तितकी बोट त्याला पुढच्या बोयाआधी जोराने खेचते. म्हणून वळणानंतर लवकर झुकणे, हळूहळू भार घेणे आणि मध्यरेषेच्या आसपास तो सोडू लागणे, ही सवय लावावी. यंत्राशी झुंजून ते नमत नाही. भार एकसारखा दिला तर त्याचे उत्तरही एकसारखे येते.

चालक आणि निरीक्षक

यंत्र वेग सांभाळते म्हणून चालकाचे काम संपत नाही. बोट सरळ ठेवणे, प्रत्येक वेळी सारख्याच अंतरावरून मार्गात शिरणे, यंत्र कामाला लागले की थ्रॉटलला उगीच हात न लावणे आणि स्कीपटू पडताच तो मागे घेणे, हे त्यानेच करायचे असते. उपग्रहांशी जोडणी झाल्याची खूण पडद्यावर दिसेपर्यंत सुरुवात करू नये. २०२१ च्या एप्रिलपासून लागू झालेल्या संघराज्याच्या कायद्यानुसार अशा लहान बोटींत इंजिन बंद करणारी दोरी चालकाच्या अंगाला जोडलेली असली पाहिजे.

खुणांबाबत आधी बोलून घ्यावे. अंगठा वर म्हणजे वेग वाढवा, अंगठा खाली म्हणजे कमी करा, हे सर्वत्र मान्य आहे, पण किती? नव्या बोटीवर एका खुणेला एक किलोमीटर की तीन, हे काठावरच ठरले पाहिजे. आपल्याकडे चालक बहुधा काका किंवा वडील असतात आणि मुले त्यांना ‘हळू चालवा’ असे सांगायला संकोचतात. हा संकोच पाण्यावर धोक्याचा आहे. दोराच्या टोकाला जो आहे त्याचाच शब्द शेवटचा, मग तो अकरा वर्षांचा का असेना, हे घरातल्या सर्वांत वयस्क माणसाने स्वतः सांगावे.

बोटीत बसणाऱ्यांनीही एका बाजूला गर्दी करू नये. चालू इंजिनामागच्या फळीवर मुलांना बसू देऊ नये. तेथे कार्बन मोनॉक्साइड साचतो आणि त्याला वास नसतो.

गुणपत्रिका आणि वही

मराठी घरात गुणांना फार मान आहे; शिक्षणाने जे दिले ते पाहता तो असणे स्वाभाविकच आहे. पण स्लॅलमची गुणसंख्या ही परीक्षेच्या गुणांसारखी केवळ मुलाची नसते. तिच्यात बोट, नियंत्रक, चालक, वारा आणि पाणी यांचा वाटा असतो. बोट बदलल्यावर साडेचार बोयांवरून अडीचवर आलेल्या मुलाला ‘तू मागे पडलास’ असे म्हणणे हे वस्तुस्थितीला धरून नाही. त्याला हे सांगावे की मापपट्टी बदलली आहे आणि पहिले काही आठवडे आपण जुन्या आकड्यांशी तुलना करणार नाही.

प्रौढांनी स्वतःलाही हेच सांगावे. चाळिशीनंतर कंबरेची दुखापत ही हंगामाचा नव्हे, वर्षाचा प्रश्न होते. बोटे सुन्न होऊ लागली, कंबर वाकलेल्या स्थितीत दोन वेळा ओढ बसली, तर त्या दिवशीचा सराव तेथेच थांबवावा. हँडल सोडून देणे हे अपयश नव्हे. दुखापत टाळण्याचे ते सर्वांत सोपे साधन आहे. जीवरक्षक जाकीट आणि पोहण्याची खात्री या दोन्हींशिवाय कोणी पाण्यात उतरू नये, हे वेगळे सांगायला नको.

नव्या टो बोटीची किंमत आज लाख डॉलरच्या पुढे जाते. त्यामुळे बोट कोणती असावी, हे आपल्यापैकी बहुतेकांच्या हातात नसते. ते क्लब ठरवतो, आणि काही क्लबांत प्रायोजित बोटी दर हंगामाला बदलतात. आपल्या हातात असते ती एक साधी वही. तीत प्रत्येक सरावाची तारीख, ठिकाण, बोट, बोटीतली माणसे, वारा, पाण्याचे तापमान, वेग, दोर, अक्षर-अंक आणि बोये लिहावेत, व शेवटी एक ओळ स्कीपटूच्या स्वतःच्या शब्दांत : आज ओढ कुठे जाणवली. आकडे वडिलांनी लिहिले तरी चालतील; ही ओळ मात्र मुलांनी स्वतः लिहावी. पुढच्या वर्षी पुन्हा बोट बदलली, तर पहिल्या दिवशी काठावर बसून चालकाला वाचून दाखवायला तीच ओळ उपयोगी पडेल.